महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी: एका परक्या फळाची सातारी कुळकथा

जानेवारीतल्या सकाळी वेण्णा तलावाच्या कडेने पाचगणीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लालभडक फळांचे ढीग मांडलेले दिसतात. प्रत्येक टपरीवर पाटी असते, ‘महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी’. या पाटीतला षष्ठीचा प्रत्यय मोठा विलक्षण आहे. ज्या वनस्पतीचे एक आजोळ चिलीच्या किनाऱ्यावर, दुसरे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील रानांत, जिची सोयरीक फ्रान्समध्ये जुळली आणि जिच्या आजच्या वाणांची नावे कॅलिफोर्निया व फ्लोरिडाच्या विद्यापीठांत ठेवली गेली, ती ‘महाबळेश्वरची’ कशी? तरीही २०१० साली याच प्रत्ययावर कायद्याची मोहोर उमटली आणि ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. पाटी खोटी नाही. मात्र ती खरी कोणत्या अर्थाने, हे पाहायचे तर सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि वाटेत काही बेड्या घातलेली माणसे भेटतात.

फळांच्या बाबतीत असा पेच जगभर पडलेला आहे. भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटाचे नाव काढताच लिंबू-संत्र्यांच्या बागा डोळ्यांपुढे येतात. ती झाडे मूळची आशियातली. अरबांच्या राज्यात, म्हणजे नवव्या शतकानंतर, ती त्या बेटावर रुजली आणि त्यांच्यासोबत पाटाने पाणी खेळवण्याची विद्याही आली. सिसिलीच्या उघड्या माळांवर पसरलेले फड्या निवडुंगाचे झाड आज त्या बेटाचे चिन्हच होऊन बसले आहे, पण ते मेक्सिकोकडून आलेले. चारही बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर बाहेरचे फळ आले की ते लवकर ‘तिथले’ होते, कारण बेटाची हवा, माती आणि माणसे त्याला वेगळे रूप देतात. समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटर उंचीवरचे महाबळेश्वरचे पठारही एका अर्थी बेटच. पावसाळ्यात खालच्या कोकणातून ढग वर चढतात तेव्हा कड्यांच्या चहूकडे पांढरा समुद्र पसरतो आणि त्यावर हे एवढे रान तरंगत राहते.

या बेटाची स्वतःची फळे होतीच. जांभूळ, करवंद, तोरण, अळू, आंबट-तुरट आंबगूळ अशी नावे आज शहरातल्या पाहुण्याला सांगावी लागतात. उन्हाळा चढू लागला की गावातल्या बाया ती पानांच्या द्रोणांत घालून बाजारात आणून बसतात. डोंगरउतारावर नाचणी-वरीची पिके होत. रान तोडून, जाळून, राखेत बी टाकण्याची कुमरीची शेती होती. धावड लोक जंगलातल्या दगडातून लोखंड गाळीत. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम पूजले जात. म्हणजे इंग्रज येण्यापूर्वी हे पठार ओसाड होते, ही पर्यटन-पुस्तिकांतली समजूत साफ चुकीची आहे. इथले जगणे बंगल्यांच्या आणि बागांच्या मापाचे नव्हते, एवढाच त्यात अर्थ.

१८२४ मध्ये पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर चढला. आज ज्या कड्याला लॉडविक पॉइंट म्हणतात तो त्याच्याच नावाचा. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी थंड हवेचे ठाणे वसवायचे मनावर घेतले. मुलूख होता साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. १८२९ च्या कराराने महाराजांनी पठारावरची जागा दिली आणि त्या बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव घेतले. नव्या पेठेला माल्कम पेठ असे नाव पडले. दहा वर्षांनी त्याच प्रतापसिंहांना इंग्रजांनी गादीवरून काढून काशीला धाडले, ही गोष्ट माल्कम पेठेतून फिरताना सहसा कोणी सांगत नाही.

पेठ वसली, बंगले उठले. आता साहेबाच्या टेबलावर भाजी कोण पुरवणार? इथून पुढची हकीकत सर्वांत कमी सांगितली जाते.

सिंगापूर, पिनांग, मलाक्का या इंग्रजी वसाहतींतले काही चिनी आणि मलय कैदी मुंबई इलाख्यात पाठवले जात. जन्मठेपेच्या कैद्याला समुद्रापार, ओळखीच्या माणसांपासून आणि भाषेपासून तोडून टाकायचे, ही त्या शिक्षेमागची कल्पना. अशा शंभराच्या आसपास कैद्यांसाठी महाबळेश्वरी तुरुंग बांधण्यात आला. दिवसा त्यांच्याकडून रस्ते करून घ्यायचे, बागा लावून घ्यायच्या आणि रात्री कुलूप. रस्ते तर त्यांनी केलेच, पण त्यांची खरी करामत दिसली ती ओढ्याकाठच्या जमिनीत. पायऱ्या पाडून, पाणी वळवून, खत मुरवून त्यांनी बटाटे आणि नाना तऱ्हेच्या विलायती भाज्या पिकवल्या. महाबळेश्वरचा बटाटा पुण्या-मुंबईच्या बाजारात नावाजला तो या हातांमुळे. आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांचे पाहून भाजीपाल्याची लागवड उचलली. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. सुटलेल्यांपैकी काही जण इथेच राहिले.

या माणसांची नावे महाबळेश्वरच्या कोणत्याही पाटीवर नाहीत. लॉडविकचे नाव कड्याला, माल्कमचे पेठेला, एल्फिन्स्टनचे आणखी एका कड्याला, आणि ज्यांनी रस्ते खोदले व मातीला बागेची सवय लावली त्यांच्या वाट्याला सगळ्यांचे मिळून एकच नाव आले, चायनामन फॉल. त्यांच्या बागांच्या शेजारून कोसळणाऱ्या धबधब्याला पडलेले हे नाव. इतिहास कोणाला व्यक्ती म्हणून आणि कोणाला जमात म्हणून लक्षात ठेवतो, याचा याहून नेमका नकाशा सातारा जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

या व्यवहाराला दुसरी बाजूही होती. ज्या वसाहतींतून चिनी कैदी इकडे येत, त्याच वसाहतींत हिंदुस्थानातले कैदी काळे पाणी भोगायला जात. मुंबई इलाख्यातलेही त्यांत होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ ते १८६१ या काळात हिंदी कैद्यांच्या श्रमांतूनच उभे राहिले. तिकडच्या माणसाने सह्याद्रीत बटाटा लावायचा आणि इकडच्याने सिंगापुरात चुना मळायचा, अशी ही साम्राज्याची अदलाबदल.

आता फळाकडे वळू. रानटी स्ट्रॉबेरी युरोपात फार पूर्वीपासून होती, पण ती नखाएवढी. आजची बागायती स्ट्रॉबेरी ही त्या मानाने कालची पोर. १७१२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर धाडले. काम होते स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी. कॉन्सेप्सिओनच्या परिसरात त्याला मोठमोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. तिथले मापुचे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या लावत आले होते. १७१४ मध्ये परतताना त्याने काही रोपे गलबतावर चढवली. प्रवास सहा महिन्यांचा आणि पिण्याचे पाणी मोजूनमापून. शेवटी पाच रोपे जगली आणि त्यांतली दोन त्याने पाण्याच्या वाटपावर असलेल्या माणसाला देऊन टाकली, कारण त्याने रोपांसाठी पाणी सोडले होते. स्ट्रॉबेरीला फ्रेंच भाषेत ‘फ्रेझ’ म्हणतात. फ्रेझिए या आडनावाशी जुळणारा हा शब्द म्हणजे योगायोगाचा एक सुंदर नमुना.

पण ती रोपे वाढली आणि फळेनात. सगळी मादी होती! फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ती उत्तर अमेरिकेहून आणलेल्या दुसऱ्या जातीच्या शेजारी लावली गेली, तेव्हा त्या जातीच्या परागांनी फळ धरले. १७६६ मध्ये दुशेन या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञाने हा संकर आहे असे दाखवून दिले. अमेरिका खंडाच्या दोन टोकांच्या, एरवी कधीही न भेटणाऱ्या दोन जाती तिसऱ्याच खंडात एकत्र आल्या आणि त्यांचे अपत्य जगभर पसरले. महाबळेश्वरच्या टपरीवरचे फळ त्याच घराण्यातले.

ते पठारावर आणले इंग्रजांनी. रोपे ऑस्ट्रेलियाहून आली असे परंपरेने सांगितले जाते. आरंभी ते बंगल्याच्या परसातले, उन्हाळ्यात मुंबईहून येणाऱ्या साहेबांच्या आणि शेटजींच्या टेबलापुरते फळ होते. त्या काळात परक्या वनस्पती आणून रुजवण्याचे प्रयोग चालूच असत. हिवतापावरचे औषध म्हणून सरकारने १८६० च्या दशकात लिंगमळ्याजवळ सिंकोनाची मोठी लागवड केली. ती फसली. झाडे टिकली नाहीत, लिंगमळ्याचे नाव आता धबधब्यामुळेच घेतले जाते. पाचगणीत जॉन चेसनने दूरदूरची झाडे लावून पाहिली आणि ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक तिथे असा रुळला की पाचगणीचे चित्र त्याच्याविना काढता येत नाही. सरकारी पैशाने लावलेला सिंकोना मेला आणि परसातली स्ट्रॉबेरी जगली.

ती का जगली, याचे उत्तर या पठाराच्या विचित्र पावसात आहे. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याचा सुमारे तिसरा हिस्सा. पसरणी घाट उतरून वाईला आले की आणखी कमी. अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत असा फरक क्वचितच कुठे आढळेल. स्ट्रॉबेरीचे वेळापत्रक या फरकावर बेतलेले आहे. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की झाड फुलायचे सोडून धावत्या फांद्या, म्हणजे रनर, फेकते आणि त्यांच्या पेरांवर नवी रोपे तयार होतात. दिवस लहान झाला, रात्री गार झाल्या की ते फुलावर येते. म्हणून मातृरोपे उन्हाळ्याच्या अखेरीस आणायची, पावसाळाभर कमी पावसाच्या बाजूला रोपवाटिकेत वाढवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरताच लाल मातीच्या गादीवाफ्यांवर लागण करायची. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली तोडणी होते आणि हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. समशीतोष्ण देशांत जे फळ उन्हाळ्याचे, ते इथे हिवाळ्याचे झाले. उष्ण कटिबंधातल्या डोंगराने परक्या झाडाचे पंचांग उलटे फिरवले, आणि ‘महाबळेश्वरची’ या शब्दाचा पहिला खरा अर्थ इथे आहे.

या पंचांगाला एक धास्तीही जोडलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात काही पहाटे दव गोठते. वर्तमानपत्रांत हिमकणांची छायाचित्रे येतात, हौशी मंडळी भल्या सकाळी गाड्या काढतात. त्याच पहाटे वाफ्यावरची फुले काळवंडली की काय, हे पाहायला शेतकरी निघालेला असतो. (वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी बांधवला, हे तिथे नौकाविहार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.)

स्ट्रॉबेरी परसातून शेतात आली तरी बराच काळ ती थोड्या गुंठ्यांची, भाताच्या पेंढ्यावर फळे टेकवून राखायची हौशी शेती होती. कायापालट झाला तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चँडलर आणि कॅमारोसा, फ्लोरिडा विद्यापीठाचे स्वीट चार्ली आणि विंटर डॉन असे वाण आले. पेंढ्याच्या जागी मल्चिंगचा काळा कागद आला, पाटाच्या जागी ठिबक. विद्यापीठांची ही नावे इथल्या बांधावर इतकी रुळली आहेत की ‘यंदा चार्ली बरा लागला’ असे एखाद्या पाहुण्याविषयी बोलावे तसे ऐकू येते. शास्त्रज्ञही इथे आधीपासून होते. महाबळेश्वरला गव्हावरच्या तांबेरा रोगाचा अभ्यास करणारे संशोधन केंद्र आहे. पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आलेल्या त्या केंद्राने स्ट्रॉबेरीचेही प्रयोग केले. गव्हाच्या रोगाच्या शोधासाठी निघालेले केंद्र स्ट्रॉबेरीकडे वळावे, हेही या पठाराला साजेसेच.

या शेतीतले बहुतेक काम वाकून करायचे असते. फळ जमिनीलगत लागते, पिकले की एका दिवसात मऊ पडते, हाताच्या दाबाने डागाळते. म्हणून तोडणी पहाटेच्या गारव्यात होते, देठासकट, बोटांच्या टोकांनी, आणि ती बहुतांशी बायकांच्या हातून. प्रतवारी करून फळ लहान डब्यांत भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबई-पुण्याला रवाना करायचे. डब्यात वरच्या थराला मोठी फळे आणि खाली बारकी, हा प्रकारही आहेच. तो करणारे थोडे आणि त्याची बदनामी सोसणारे सगळे.

एका मजुराचा मात्र पगार कोणी देत नाही. स्ट्रॉबेरीच्या लाल गरावर ज्या बारीक बिया दिसतात, त्या वनस्पतीशास्त्राच्या भाषेत खरी फळे आहेत, आणि आपण जे खातो तो फुलाचा फुगलेला तळ. त्यांतल्या प्रत्येक बीजाचे परागण झाले तरच त्याच्याभोवतीचा गर भरतो, एरवी फळ वाकडेतिकडे, एका बाजूने चेपलेले राहते. ते सुडौल होते यात मधमाश्यांचा मोठा वाटा असतो. महाबळेश्वर परिसराला मधाची जुनी परंपरा आहे. सातेरी माशीच्या पेट्या, जांभळाचा कडसर मध, आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या कारवीचा मध. मांघर हे इथलेच गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. म्हणजे अमेरिकी वाणाचे फळ गोमटे होण्यासाठी सह्याद्रीच्या रानातली माशी लागते आणि ती माशी उरलेले वर्ष जांभूळ-कारवीवर जगते. रान गेले तर वाफ्यातले फळही वाकडे होईल, इतका हा हिशेब सरळ आहे.

बाजारात स्ट्रॉबेरीच्या शेजारी बसणाऱ्या भावंडांचीही कथा अशीच. पातळ कागदी आवरणातले पिवळे फळ इथे ‘गूजबेरी’ म्हणून विकले जाते. युरोपातल्या गूजबेरीशी त्याचे नाते नाही, ते दक्षिण अमेरिकेतले. उत्तर हिंदुस्थानात त्यालाच ‘रसभरी’ म्हणतात, त्यामुळे दिल्लीचा पाहुणा आणि इथली विक्रेती यांच्यात रासबेरी नेमकी कोणती यावर मजेदार घोळ होतो. तुती जुन्या जगातली, रानातल्या काटेरी झुडपांवरची काळी रासबेरी मात्र अस्सल इथली, आणि तीच सगळ्यांत कमी खपते.

पर्यटकाने नेलेल्या डब्यावर एवढी शेती उभी राहिली नसती. मोडके, अति पिकलेले, बारके फळ जायचे कुठे? याचे उत्तर दिले ते जॅम-सरबतांच्या कारखान्यांनी. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणीत सुरू केलेल्या मॅप्रोचे नाव आज त्यांत सर्वतोमुखी आहे. दुय्यम फळाला गिऱ्हाईक मिळाले आणि शेतकऱ्याला पूर्ण क्षेत्र लावण्याचे धाडस झाले. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या टापूत देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी पिकते. सुमारे ८५ टक्के असा आकडा नेहमी दिला जातो. पाचगणीजवळचे भिलार हे या शेतीचे ठळक गाव. स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजींचे हे गाव २०१७ च्या मे महिन्यात देशातले पहिले ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि घराघरांतून मराठी पुस्तकांची कपाटे लागली. ओसरीवर कादंबरी वाचावी आणि अंगणापलीकडे वाफे पाहावेत, असा योग क्वचितच जुळतो.

एवढे असूनही ही शेती दरवर्षी नव्याने मांडलेला डाव आहे. भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, रोपाचे नाही. जुनी रोपे वर्षानुवर्षे वापरली की विषाणू साचत जातात आणि उत्पादन घटते, म्हणून मातृरोपे पुन्हा पुन्हा परदेशातून मागवावी लागतात. त्यांचा खर्च डॉलरच्या भावावर, येण्याची वेळ विमानाच्या आणि परवान्यांच्या वेळापत्रकावर. पुढे परतीचा पाऊस लांबला तर लागण सडते, थंडी उशिरा आली तर फूल उशिरा येते. आणि सगळे जमून आले तरी गिऱ्हाईक यावे लागते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा वाफे फळांनी लगडलेले होते. पर्यटक नाहीत, आइस्क्रीमवाले नाहीत, गाड्या नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांनी पिकलेली स्ट्रॉबेरी गाईंपुढे टाकली. ती छायाचित्रे तेव्हा जगभर फिरली.

शिवाय जमिनीचा प्रश्न आहेच. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बांधकामांवर, वृक्षतोडीवर निर्बंध आले. स्ट्रॉबेरीला चढावरची जमीन हवी, उन्हाळ्यापर्यंत पाणी हवे, आणि पाण्यासाठी हॉटेलेही त्याच झऱ्यांकडे पाहतात. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगरावर मार्च-एप्रिलमध्ये टँकर दिसतो. इथल्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कुमरी बंद झाली, जंगल राखीव झाले, धावडांच्या भट्ट्या विझल्या, आणि मग बारक्या तुकड्यावर घर चालवणारे जे पीक हाती आले ते हे. त्याने ते सोडावे असे सांगणाऱ्याने त्या बदल्यात काय लावावे हेही सांगायला हवे.

मेअखेर टपऱ्या आवरल्या जातात. जुन्या घरांच्या भिंतींना पावसाच्या माऱ्यापासून गवताचे आवरण चढते. पेठ सुस्तावते. रिकाम्या वाफ्यांवरचा काळा कागद गुंडाळून ठेवलेला असतो. मग ढग कड्यांवर चढतात आणि उन्हाळाभर कोरडा पडलेला चायनामन फॉल पुन्हा कोसळू लागतो. त्याच दिवसांत घाटाच्या कमी पावसाच्या अंगाला, हिरव्या जाळीखाली, दूरदेशीहून आलेली मातृरोपे माती धरतात आणि पहिला रनर बाहेर टाकतात.